बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘लोब्युलर’ लिहिलंय? डक्टलपेक्षा हा कर्करोग वेगळा कसा?

स्तनाच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की त्यावर बहुधा दोनपैकी एक नाव दिसते: ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’ किंवा ‘इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा’. डक्टलला हल्ली ‘नो स्पेशल टाइप’ किंवा ‘एनएसटी’ असेही लिहितात. यातल्या ‘इन्व्हेजिव्ह’ या शब्दाने अनेक जण घाबरतात. कर्करोग शरीरभर पसरला असा त्याचा अर्थ नाही. पेशी मूळ जागेची भिंत ओलांडून स्तनाच्याच आजूबाजूच्या भागात शिरल्या आहेत, एवढेच तो सांगतो. रिपोर्टवर ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’ असेल तर गोष्ट वेगळी. नावात कार्सिनोमा असला तरी तो कर्करोग मानला जात नाही. पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढल्याची ती खूण असते.

डक्ट म्हणजे दूध वाहून नेणारी नळी आणि लोब्यूल म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा छोटा घोस. एक कर्करोग नळीतून आणि दुसरा ग्रंथीतून सुरू होतो, असे या नावांवरून वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बहुतेक वेळा नळी आणि ग्रंथी जिथे जोडलेल्या असतात त्या एकाच भागातून सुरू होतात. नावे जुनी आहेत, ती तशीच राहिली. खरा फरक वाढण्याच्या पद्धतीत आहे.

आपल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे एक प्रथिन असते. डक्टलच्या पेशींमध्ये ते सहसा शाबूत असते, त्यामुळे त्या एकमेकींना धरून वाढतात आणि हाताला लागेल अशी टणक गाठ तयार होते. लोब्युलरच्या बहुतेक रुग्णांमध्ये हे प्रथिन नाहीसे झालेले असते. पेशी सुट्या होतात आणि मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेने स्तनात शिरत जातात. आजूबाजूची रचना फारशी मोडत नाही, म्हणून गाठही नीट बनत नाही.

या कर्करोगाची खरी अडचण इथेच आहे. गाठीऐवजी स्तनाचा एखादा भाग जाडसर, घट्ट लागतो, त्वचा आत ओढल्यासारखी दिसते, बोंड आत जाते किंवा एका स्तनाचा आकार हळूहळू बदलतो. मॅमोग्राफीत तो कधी कधी दिसतच नाही, दिसला तरी खऱ्या आकारापेक्षा लहान वाटू शकतो. म्हणून स्पष्ट सांगतो: मॅमोग्राफी नॉर्मल आली, पण बदल तुम्हाला जाणवतोच आहे, तर तिथे थांबू नका. सोनोग्राफी आणि गरज असेल तर एमआरआय करावा का, हे विचारा. लोब्युलरचे निदान झाल्यावरही शस्त्रक्रियेआधी एमआरआयचा सल्ला बरेचदा दिला जातो, कारण त्याच स्तनात एकापेक्षा जास्त ठिकाणी रोग असण्याची शक्यता डक्टलपेक्षा अधिक असते.

ढोबळमानाने स्तनाच्या इन्व्हेजिव्ह कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी ७० ते ८० जणांना डक्टल आणि १० ते १५ जणांना लोब्युलर प्रकार असतो. थोड्यांमध्ये दोन्ही मिसळलेले असतात.

मग उपचार वेगळे असतात का? फारसे नाहीत. उपचार ठरतात ते स्टेज, ग्रेड आणि ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांवर. लोब्युलर बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असतो, त्यामुळे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हॉर्मोनच्या गोळ्या हा उपचारातला मोठा आधार ठरतो. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली तर मात्र तो डक्टलइतका आकसत नाही. स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया लोब्युलरमध्येही होऊ शकते. फक्त काढलेल्या भागाच्या कडेला पेशी उरल्याचे आढळून दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता जास्त असते. ही कल्पना आधीच असली तर तो निरोप आल्यावर धक्का कमी बसतो.

घरात कोणाला जठराचा कर्करोग, विशेषतः कमी वयात, झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ‘सीडीएच१’ या जनुकातला आनुवंशिक दोष जठराचा एक प्रकारचा कर्करोग आणि लोब्युलर या दोन्हींशी जोडलेला आहे. तो क्वचितच सापडतो, पण सापडला तर बहिणी-मुलींच्याच नव्हे, भाऊ-मुलग्यांच्याही तपासणीचा विचार करावा लागतो.

गोळ्या ५ वर्षे, काहींना १० वर्षे घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. लोब्युलर पुष्कळ वर्षांनीही परत येऊ शकतो आणि हाडे, यकृताखेरीज पोटाचे आतले आवरण, आतडी, अंडाशय अशा डक्टलमध्ये कमी आढळणाऱ्या जागीही पसरू शकतो. म्हणून पोट सतत फुगणे, भूक मरणे असा त्रास काही आठवडे टिकला आणि तुम्ही नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात, तर जुना आजार दहा वर्षांपूर्वीचा असला तरी तो त्यांना सांगा आणि ‘लोब्युलर’ हा शब्द असलेला रिपोर्ट दाखवा.