सुटलेला पडदा बसवण्याची गोष्ट

डोळ्याचा पडदा सुटला की नजर गेली, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ ठरलेलंच होतं. १८५१ साली हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप जाहीर केला आणि जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना प्रथमच नीट दिसू लागला. सुटलेला पडदाही दिसे, पण इलाज नव्हता. रुग्णाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत.

हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. अंधुक उजेडात कामी येणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या ६० लाख शंकुपेशी त्यात असतात. त्यांना प्राणवायू पुरवणारा रक्तवाहिन्यांचा थर पडद्यामागे असतो. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा त्या थरापासून सुटला, की पेशी मरू लागतात.

पडदा सुटतो तो मागे पाणी शिरल्यानं. पण ते शिरतं कुठून? स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे झ्यूल गोनँ या प्रश्नाला चिकटून राहिले. डोळ्यातला पारदर्शक गर पडद्याला ओढतो, छिद्र पडतं आणि तिथून पाणी मागे जातं, असं त्यांचं म्हणणं. अनेकांना ते पटत नव्हतं. गोनँ पडद्याचं बारकाईनं चित्र काढत, छिद्राची जागा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरून मोजून ठरवत आणि नेमकं तिथेच तापलेल्या टोकानं डागत. व्रण धरला की छिद्र बंद. १९२९च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेत त्यांचं काम जगापुढे आलं. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं काम त्यांचंच. साधनं बदलत गेली, पण छिद्र शोधून बुजवायचं, हे सूत्र आजही तेच आहे.

पुढचं भराभर झालं. १९४५च्या सूर्यग्रहणात पडदा भाजून घेतलेल्यांना पाहून जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ यांना प्रकाशानंच डागण्याची कल्पना सुचली. आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, मग लेझर. १९७०च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातला गर काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली.

आज बहुतेक पडदे पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतात. नजर किती परत येते, हे मात्र पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी रुग्ण पोचला का, यावर बरंच अवलंबून असतं. पडदा सुटताना दुखत नाही, म्हणून माणसं थांबतात. डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा कडेनं सावली सरकू लागली, तर थांबू नका. त्याच दिवशी थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्या.