फसलेल्या मालाशेजारी चांगला माल ठेवून बघा



"सर, दोनदा माल परत आला. आता धंदा बंद करू का?" हा प्रश्न मनात असेल, तर आधी एका शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट वाचा.

कातालिन कारिको मूळच्या हंगेरीच्या. 1985 मध्ये नवरा आणि लहान मुलीला घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा निरोप. तो प्रयोगशाळेत बनवून औषध म्हणून वापरायचा, हा त्यांचा ध्यास. पण संशोधनाला पैसा मिळेना. 1995 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही.

खरी अडचण कुठे होती?

प्रयोगशाळेत बनवलेला एमआरएनए पेशींना दिला की त्या त्याला परका समजायच्या आणि दाह सुरू व्हायचा. असं औषध माणसाला देणार कसं?

इथे कारिको आणि त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन यांनी "हे का फसतंय?" एवढंच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मग कोणता आरएनए फसत नाही?" सस्तन प्राण्यांच्या पेशींतून काढलेल्या आरएनएमुळे तसा दाह होत नव्हता. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधला. पेशीतल्या आरएनएच्या काही घटकांत छोटे रासायनिक बदल असतात, प्रयोगशाळेतल्यात नव्हते. तसे बदल केले आणि दाह जवळजवळ थांबला! हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालं, पण तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2020 मध्ये याच शोधावर कोविडच्या लसी उभ्या राहिल्या. 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता तुमच्या धंद्याकडे या

समजा, चकलीची दहा पाकिटं दुकानात दिली. सात मऊ पडली, तीन कुरकुरीत राहिली. आपण सातांवर रडत बसतो. पण उत्तर त्या तिनात आहे! ती पूर्ण गार झाल्यावर भरली होती का? बाकीची घाईत, कोमट असतानाच सील केली का? तसं असेल तर आतल्या वाफेनंच घात केला. भाजणी बदलायची गरजच नाही.

पण हे कळायला नोंद हवी. म्हणून आजपासून एक वही करा. प्रत्येक घाण्याची तारीख, तेल, भरण्याची वेळ, पाकिटाचा प्रकार, सगळं लिहा. आणि पुढच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. चिकाटी म्हणजे तीच चूक पुन्हा पुन्हा करणं नव्हे. कारिको टिकून राहिल्या, पण प्रयोग बदलत राहिल्या.

आजचा गृहपाठ: तुमचा शेवटचा फसलेला माल आणि शेवटचा चांगला माल, दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. फरक कुठे आहे? तिथूनच पुढचा प्रयोग सुरू करा.