ओट्याची झिलई : एक नवा हस्तव्यवसाय

स्वयंपाकघरांतील चूल जमिनीवरून उठून ओट्यावर गेली आणि तिच्या मागोमाग आमच्या गृहिणीही पाटावरून उठून उभ्या राहिल्या. या स्थित्यंतराबरोबर घरांत नवा दगड आला. आरंभीं ती शहाबादी फरशी होती, मग कडप्प्याची काळी लादी आली, आणि अलीकडे जेथें पाहावें तेथें ग्रॅनाइट दिसतो. नवा ओटा आरशासारखा चकाकतो. परंतु कांहीं वर्षें लोटलीं कीं शेगडीपुढील भाग निस्तेज होतो, नळाभोंवतीं पांढरें कडें धरतें, आणि घरांतील मंडळी म्हणूं लागतात, 'दगड मेला, आतां बदलावा.' वस्तुतः दगड मेलेला नसतो. त्याचें तेज परत आणून देणारे कारागीर आतां शहरांतून घरोघर जातात, आणि हें काम शिकूं इच्छिणारे कांहीं सुशिक्षित तरुणही आमच्या पाहण्यांत आले आहेत. या विद्येचें स्वरूप काय, ती शिकावी कशी आणि तींत धोका कोणता, याचा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊं. खरा ग्रॅनाइट म्हणजे भूगर्भांत अतिशय सावकाश थिजलेला अग्निजन्य खडक. त्यांत गार, म्हणजे क्वार्ट्झ, आणि फेल्डस्पार हीं मुख्य खनिजें असून अभ्रकादि कणही असतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनीं इ. स. १८१२ मध्यें काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी लाविली, तींत फेल्डस्पार सहाव्या व गार सातव्या पायरीवर आहे. संगमरवराचें खनिज मात्र तिसऱ्याच पायरीवर राहतें. इरकली लुगड्यांमुळें भगिनींस परिचित असलेल्या इलकलचा तांबडा दगड ग्रॅनाइट म्हणून प्रसिद्ध आहे. बाजारांत ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो मात्र शास्त्रदृष्ट्या बहुधा ग्रॅनाइट नसतो; आंध्रांतील चिमकुर्तीचा, काळ्यावर सोनेरी ठिपके असलेला दगड गॅब्रो जातीच्या खडकांत मोडतो. नांवांचा हा घोळ केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हे. विक्रेत्यानें सांगितलेल्या नांवावर विसंबून कारागिरानें काम आरंभूं नये. दिसेल न दिसेल अशा कोपऱ्यांत लिंबाच्या रसाचा एक थेंब थोडा वेळ ठेवून पुसावा. तेथें निस्तेज डाग उमटला, तर दगड चुनखडीच्या कुळांतला आहे असें समजावें आणि त्यास निराळी वागणूक द्यावी.

या धंद्यांतील पहिली विद्या निदानाची. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं, तसा चांगला कारागीर यंत्र बाहेर काढण्यापूर्वीं ओटा नीट न्याहाळतो. पुष्कळ ओटे झिजलेले नसतातच. त्यांवर साबण, फोडणीच्या तेलाची चिकटी आणि जड पाण्यांतील क्षार यांचें पुट चढलेलें असतें. सौम्य साबणाचें पाणी घालून दाढीचें नवें पातें जवळजवळ आडवें धरून हलकेच सरकविलें कीं हें पुट सुटतें आणि खालीं मूळची झिलई शाबूत सांपडते. अशा घरीं यंत्र चालविणें म्हणजे निरोगी माणसावर शस्त्रक्रिया करणें होय. तेलाचा डाग दगडांत मुरला असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यांत दाट कालवून त्याचा जाड लेप द्यावा, वर प्लॅस्टिकचा कागद झांकून चोवीस तास ठेवावा, मग कागद काढून लेप वाळूं द्यावा; वाळतां वाळतां तो तेल शोषून घेतो. एका लेपानें डाग न गेल्यास दुसरा द्यावा. संडास धुण्याचें आम्ल मात्र ओट्यावर कधींही ओतूं नये. गंजाचे डाग काढणाऱ्या कांहीं द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतें. तें गारेसही खातें, आणि मनुष्याच्या कातडीस लागलें तर आंत खोलवर हाडांपर्यंत अपाय करतें.

खरोखर झिजलेल्या ओट्याची गोष्ट निराळी. तेथें झिलई दगडावर लावावयाची नसते, दगडांतूनच काढावयाची असते, हें विद्यार्थ्यानें पक्कें ध्यानांत धरावें. पृष्ठभाग गुळगुळीत असला कीं प्रकाश एका दिशेनें परततो. त्यावर सूक्ष्म ओरखडे पडले कीं तो इतस्ततः फांकतो आणि दगड मंद दिसतो. म्हणून मोठे ओरखडे लहान ओरखड्यांनीं आणि लहान त्यांहून लहानांनीं पुसून काढीत जावें लागतें. यासाठीं हिऱ्याची भुकटी बसविलेल्या लवचिक चकत्या मिळतात. कारागीर त्यांस पॅड म्हणतात. त्यांवर बहुधा ५०, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० असे आंकडे असतात. आंकडा जितका मोठा तितकी भुकटी बारीक. ओरखडे खोल नसतील तर आरंभ ४०० पासूनही करतां येतो; परंतु आरंभ केल्यावर पुढची पायरी गाळूं नये. २०० नंतर एकदम १५०० लाविला तर वरवर चकाकी येते, पण सायंकाळीं दिव्याचा प्रकाश तिरपा पडला कीं जुने ओरखडे तिच्याखालीं स्पष्ट उमटतात. प्रत्येक पायरीनंतर ओटा धुऊन कोरडा करून पाहावा, कारण ओला दगड नेहमींच चकाकतो आणि पाहणाऱ्यास फसवितो. आधींच्या पायरीची खर जरा जरी राहिली तरी ती पुढच्या चकतीखालीं सांपडून नवे ओरखडे पाडते. यंत्र एके ठिकाणीं थांबवूं नये. थांबल्या जागीं खळगा पडतो व तो मग सर्व ओटा घासल्यावांचून जात नाहीं.

हें तत्त्व आमच्या घरांस अगदींच अपरिचित नाहीं. देवघरांतील सहाणेचें नातें संस्कृतांतील 'शाण' या शब्दाशीं आहे. शाण म्हणजे शस्त्रास धार आणि रत्नास तेज देणारा दगड. गंध उगाळतांना पाणी आणि धीर या दोहोंची गरज ज्यानें ओळखली, त्याला घासण्याचें अर्धें शास्त्र आधींच अवगत आहे. पूर्वीं जात्यापाट्यांना टाकी लावणाऱ्या बायका आळीआळींतून हाळी देत फिरत आणि गुळगुळीत झालेला दगड खरबरीत करून देत. आजचा कारागीर खरबरीत झालेला दगड गुळगुळीत करून देतो, इतकाच भेद. या विद्येची आपल्या देशांतील प्राचीनता पाहावयाची असेल त्यानें बिहारांत गयेच्या उत्तरेस असलेल्या बराबर टेंकडीवरील गुहा पाहाव्या. अशोकानें राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षीं त्यांपैकीं दोन आजीविक संन्याशांस दिल्या. त्या ग्रॅनाइटमध्यें कोरलेल्या असून सव्वादोन हजार वर्षांनंतरही त्यांच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत आहेत. तेथेंच लोमश ऋषीची गुहा अपुरी राहिली आहे. तिच्या आंत कांहीं भाग झिलई दिलेला तर कांहीं टाकीच्या घावांनिशीं तसाच आहे. श्रमाच्या पायऱ्या कशा असतात हें त्या अपुऱ्या गुहेइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल.

आतां फसवणुकीविषयीं. मेण, तेल किंवा काळा रंग चोळून ओटा तासाभरांत चमकवितां येतो. गृहिणी प्रसन्न होते, पैसे दिले जातात, आणि थोड्याच दिवसांत गरम पातेल्यांनीं व साबणानें तें सोंग उतरतें. म्हणून काम संपल्यावर एका कोपऱ्यांत नखावरील रंग काढण्याच्या द्रवाचा बोळा फिरवून पाहावा. खरी झिलई त्यानें ढळत नाहीं. दगडाचीं सूक्ष्म छिद्रें भरणारा सीलर नांवाचा द्रव ही निराळी वस्तु. तो डाग मुरूं देत नाहीं, परंतु चकाकी देणें हें त्याचें काम नव्हे. त्याची गरज ओळखण्यास ओट्यावर पाण्याचे थेंब दहा-पंधरा मिनिटें ठेवावे. खालचा दगड काळवंडला तर पाणी मुरतें आहे असें समजावें.

परंतु ज्यासाठीं आम्ही मुख्यतः लेखणी हातीं घेतली तो विषय पुढेंच आहे. गारेचा दगड कोरडा घासला कीं त्याची डोळ्यांस न दिसणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसांत खोल जाते आणि तेथें कायमचे व्रण करते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा वर्षानुवर्षें गुप्त राहतो, आणि एकदां जडला कीं त्यास उतार नाहीं. आम्ही शिक्षक होतों, म्हणून एक उदाहरण आमच्या मनास विशेष लागतें. ज्या पाटीवरच्या पेन्सिलीनें आमच्या वर्गांतील मुलांनीं श्रीगणेशा गिरविला, तसल्या पेन्सिली मंदसोर येथें दगड कापून तयार होत. त्या कापणाऱ्या पुष्कळ कामगारांस ऐन तारुण्यांत या रोगानें गांठलें, आणि मध्यप्रदेश सरकारास इ. स. १९८२ मध्यें त्यांच्या कल्याणनिधीसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. हल्लीं ओट्यांसाठीं क्वार्ट्झ या नांवानें जो कृत्रिम दगड विकतात, त्यांत गारेचें प्रमाण शेंकडा नव्वदांपर्यंत व त्याहूनही अधिक असूं शकतें. तो कापतां-घासतांना तरुण कारागीर रोगग्रस्त झाले, म्हणून ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली.

उपाय कठीण नाहींत. कंटाळवाणे मात्र आहेत. घासण्याच्या जागीं सतत पाण्याची धार असावी, तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ प्रतीचा मुखवटा असावा, खिडक्या उघड्या असाव्या, आणि सांडलेली खर झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ जोडल्यावांचून यंत्र सुरूं करूं नये. कोरड्या कामानें वेळ वांचतो आणि घरांत चिखल होत नाहीं, म्हणून यजमानच पुष्कळदां कारागिरास पाणी वापरूं देत नाहींत. वाचकहो, आपल्या जमिनीवरील चिखल संध्याकाळपर्यंत पुसला जातो. त्याच्या फुप्फुसांतील धूळ पुसली जात नाहीं.

शिकूं इच्छिणाऱ्यानें प्रथम दगडविक्याकडून उरलेले तुकडे आणून त्यांवर सराव करावा आणि कांहीं महिने जाणत्या कारागिराच्या हाताखालीं राबावें. आमच्या परिचयांतील एका घरीं वाणिज्याची पदवी घेतलेल्या मुलानें हा विचार बोलून दाखवितांच त्याचे काका उसळून म्हणाले, "पदवी घेऊन लोकांचे ओटे घासणार?" आजोबांनीं मात्र एवढेंच विचारलें, "पुरतें शिकशील ना?" आमचें मत आजोबांच्या बाजूचें आहे. ज्या कामांत निदान लागतें, पायरी गाळून चालत नाहीं आणि खोटेपणा तिरप्या प्रकाशांत उघडा पडतो, तें काम विद्येच्या पंक्तीस बसवावयास हरकत कोणती? घरच्यांनीं मुलाची पदवी वायां गेली म्हणून हळहळण्यापेक्षां तो मुखवटा लावतो कीं नाहीं याची चौकशी रोज करावी.

आणि आपल्या घरीं असा कारागीर येईल तेव्हां दर आधीं ठरवावा, पाण्याची बादली व जुनीं फडकीं काढून द्यावीं, घाई करूं नये, आणि काम झाल्यावर दिवा लावून तिरपें पाहावें. काम उतरलें असेल तर ठरलेले पैसे त्याच दिवशीं हातावर ठेवावे.