दुसऱ्यांदा शेक : द्यावा की न द्यावा?



गेल्या हंगामात तोडीचा कार्यक्रम विचारायला आमच्याकडे एक सभासद आले. तोडीचे बोलणे झाले तरी ते उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा शेक देतेत का हो? का आता घरीच बसायचं?"

चार वर्षांपूर्वी त्यांना गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कर्करोग झाला होता. तेव्हा पंचवीस दिवस किरणांचा शेक आणि नंतर ऑपरेशन झाले. पुढे प्रकृती चांगली राहिली. आता पुन्हा रक्त पडू लागले, बसायला दुखू लागले. गावात कोणी सांगितले की एकदा शेक दिला की दुसऱ्यांदा देताच येत नाही. कोणी सांगितले की पैसे टाकले की सगळे होते. आम्ही जाणत्या डॉक्टरांकडे चौकशी केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, असे कळले. जे समजले ते येथे सर्वांसाठी देत आहोत.

खोडव्याचा दाखला

ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळाले की फुटतो. कर्करोगाचेही काहीसे तसेच आहे. उपचारानंतर डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी शिल्लक राहिल्या, तर महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या पुन्हा वाढतात. यात रोग्याचे पाप नाही आणि पहिला उपचार वाया गेला असेही नाही.

दुसरा दाखला जमिनीचा. ज्या रानाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले, ते रान ते पाणी विसरत नाही. खारवटते, चोपण होते. शरीरही पहिला शेक विसरत नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापाने मोजतात. गुदाशयाच्या रोगात पहिल्या वेळी साधारण ४५ ते ५० ग्रे मात्रा पाच-साडेपाच आठवड्यांत विभागून देतात. लहान आतडे याहून फारसे जास्त सोसत नाही. काळ लोटला की शरीराचे काही भाग थोडेफार सावरतात, पण पूर्ण कोरे होत नाहीत. त्यामुळे दुसऱ्यांदा तीच मात्रा त्याच रीतीने दिली, तर आतड्याला भोक पडणे, जखम न भरणे, आतडे आवळले जाणे असे त्रास होऊ शकतात.

मग दुसऱ्यांदा देतात कसे?

मात्रा कमी करतात, जागा लहान ठेवतात आणि घास बारीक करतात. पहिल्या वेळी दिवसातून एकदा १.८ ग्रे दिले असतील, तर दुसऱ्या वेळी दिवसातून दोनदा, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून, १.२ ग्रे देतात. निरोगी भागाला दोन घासांच्या मध्ये सावरायला थोडी सवड मिळते.

इटलीतील काही रुग्णालयांनी मिळून याच पद्धतीने ५९ रोग्यांवर उपचार केले व त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध केला. या सर्वांना ओटीपोटात आधी शेक मिळालेला होता आणि रोग त्याच जागी उलटला होता. त्यांना सोबत औषध देऊन सुमारे ४० ग्रेपर्यंत मात्रा दिली. पुढे ३० जणांचे ऑपरेशन होऊ शकले आणि त्यांपैकी २१ जणांचा रोग कडेपर्यंत स्वच्छ निघाला. हे आकडे आशा देणारे आहेत. मात्र हे रोगी निवडक होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांचा रोग यकृतात वा फुफ्फुसात पसरला आहे, त्यांना हा हिशेब लावता येत नाही.

अन्ननलिकेचे प्रकरण जास्त नाजूक आहे. तिला लागूनच श्वासनलिका आणि मोठी रक्तवाहिनी असते. दुसऱ्या शेकाने दोन नळ्यांच्या मध्ये भोक पडले, तर अन्न-पाणी थेट फुफ्फुसात जाते. म्हणून तेथे डॉक्टर अनेकदा नाही म्हणतात आणि घास उतरावा यासाठी आतून जाळीची नळी बसवतात. असे 'नाही' ऐकून रोग्याला टाकून दिले असे समजू नये. तो नाहीही उपचाराचाच भाग आहे.

आता प्रोटॉन किरणांचेही नाव कानी येते. हे किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे पलीकडचा भाग बराच वाचतो. टाटा स्मारकाच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून ही सोय सुरू झाली आहे. पण ती प्रत्येकाला लागतेच असे नाही.

जाण्यापूर्वी काय विचारावे

एक, रोग खरोखर उलटला आहे की जुन्या शेकाचा व्रण दिसतो आहे? तुकडा काढून तपासला का?

दोन, शरीरात इतरत्र पसरला आहे का?

तीन, ऑपरेशन किंवा औषध हा मार्ग आधी बघितला का?

चार, शेक कशासाठी द्यायचा आहे? रोग काढण्यासाठी, की रक्त थांबवून वेदना कमी करण्यासाठी? दोन्ही हेतू चांगले आहेत, पण घरच्यांना ते स्पष्ट कळले पाहिजे. वेदना कमी करण्याच्या उपचाराला 'बरे करणारा' समजून कोणी एकर-दोन एकर रान विकू नये.

पाच, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातील किती बसते?

कागद जपा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. पहिल्या वेळी किती ग्रे, किती दिवसांत, नेमक्या कोणत्या जागी दिले, हे कळल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर दुसरा शेक ठरवू शकत नाही. म्हणून उपचार संपताच रुग्णालयातून उपचाराचा गोषवारा आणि आराखड्याची सीडी मागून घ्यावी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे ज्यांच्या पेट्या ढिगाऱ्याखाली गेल्या, त्या किल्लारीकरांना कागदाची किंमत आम्ही काय सांगावी!

वर सांगितलेल्या सभासदांच्या मंडळींनी ती फाईल ट्रंकेत, कारखान्याच्या भाग दाखल्याशेजारी, सातबाऱ्याच्या घडीत जपून ठेवली होती. "कागद म्हनून ठिवला, काय हाय त्येच्यात ते ठावं नव्हतं," असे त्या माउली म्हणाल्या. त्या फाईलवरून डॉक्टरांना हिशेब करता आला. रोग त्याच जागी होता, पसरलेला नव्हता. कमी मात्रेचा दुसरा शेक मिळाला. रक्त थांबले, बसता येऊ लागले. पुढे ऑपरेशन होईल की नाही हे तपासणीनंतर ठरेल. त्यांना तसे स्पष्ट सांगितलेले आहे आणि ते त्यांनी मानले आहे.

आपल्या भागाला लातूर आणि बार्शी जवळ आहेत. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातील ग्रामीण भागाची ती पहिली नोंदणी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि तेथे जाणाऱ्या गोरगरिबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे.

शेवटी एवढेच. शौचातून रक्त, गिळायला अडचण, कारण नसताना वजन उतरणे, यांना मूळव्याध नाहीतर पित्त समजून हंगाम संपेपर्यंत थांबू नका. एकदा उपचार झालेल्यांनी तपासणीची तारीख चुकवू नका. तोड आठ दिवस मागे-पुढे झाली तर चालेल, हे आम्ही कारखान्याच्या पत्रिकेतच लिहीत आहोत, यावरून काय ते समजावे.