घर मागे, होडी वर

(ओझे वाहून नेताना आपण ते किती जड आहे याचा विचार करतो. ते कुठे ठेवले आहे याचा विचार करायला मात्र विसरतो. हा विसर किती महागात पडू शकतो, हे या पाठात एका साध्या उदाहरणातून सांगितले आहे.)

आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक छायाचित्र लावलेले आहे. माझे मामू अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतात. त्यांनीच ते पाठवले. छायाचित्रात पुढे एक पिकअप गाडी आहे. पिकअप म्हणजे पुढे माणसांना बसायची जागा आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असलेली गाडी. या गाडीच्या मागे चाकांवरचे एक पांढरे घर जोडलेले आहे. गाडीच्या हौद्यावर एक लोखंडी चौकट असून तिच्यावर एक लहान होडी पालथी बांधलेली आहे.

हे छायाचित्र पाहून आठवीतील एका मुलाने मला विचारले, "सर, एवढी होडी उचलून वर कशाला ठेवली? घराच्या मागे बांधून टाकायची!"

वर्गातील मुले हसली. पण मी हसलो नाही. कारण मामूंनीही पहिल्या वेळी अगदी हेच केले होते.

मुलांनो, हा काय प्रकार आहे ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत पुष्कळ लोक घरच बरोबर घेऊन फिरायला निघतात. या फिरत्या घराला ते 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात त्यालाच 'कॅरॅव्हान' म्हणतात. त्यात झोपायला पलंग, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, न्हाणीघर असे सगळे असते. मात्र त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीने ओढले, तरच ते चालते.

मिशिगन हे पाण्याचे राज्य आहे. त्याच्या सीमांना लागून अफाट सरोवरे पसरली आहेत आणि राज्याच्या आतही हजारो लहानमोठी तळी आहेत. तेव्हा तेथे फिरायला जाणाऱ्या माणसाला मासे धरण्यासाठी एखादी लहान होडी बरोबर हवीशी वाटते. पण अडचण अशी, की मोटारीच्या मागची जागा घराने अडवलेली असते. मग होडी न्यायची कशी?

मामूंनी एक युक्ती केली. घराच्या मागच्या बाजूला त्यांनी लोखंडी कंस बसवून घेतले आणि त्यांवर होडी टांगली. होडी ॲल्युमिनियमची, बारा फूट लांबीची होती. तिचे वजन साधारण ६० किलो. "दोन हजार किलोच्या घराला साठ किलोची काय मातब्बरी?" असे त्यांना वाटले.

सकाळी ते मुमानी आणि दोन्ही मुलांना घेऊन निघाले. गावातील रस्त्यांवर काहीच जाणवले नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडीचा वेग वाढला. एका उतारावर शेजारून एक प्रचंड मालट्रक वेगाने पुढे गेला. त्याच्या हवेचा धक्का बसला आणि मागचे घर डावीकडे झुकले, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता. घर हलले, की गाडीही हलत होती. मुमानींची तर पाचावर धारण बसली. मामूंनी प्रसंगावधान राखले. त्यांनी जोरात ब्रेक मारला नाही आणि चक्रही उलटसुलट फिरवले नाही. वेग देणाऱ्या पट्टीवरून पाय काढून घेतला आणि फक्त मागच्या घराचे ब्रेक लावण्यासाठी चालकाजवळ जो खटका असतो, तो हाताने दाबला. घर हळूहळू सरळ झाले. रस्त्याच्या कडेला गाडी थांबली, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला.

असे का झाले? याचे उत्तर आपल्या खेड्यातील कोणताही गाडीवान देईल. बैलगाडीत गवत, पोती किंवा ऊस भरताना तो भार थोडा पुढे ठेवतो. त्यामुळे जू बैलांच्या मानेवर नीट बसून राहते. भार मागे गेला, तर गाडी 'उलाळ' होते. तिची पुढची बाजू वर उचलली जाते, जू मानेवर टेकत नाही आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. फार उलाळ झालेली गाडी तर मागच्या मागे कलंडते.

चाकांवरच्या घराचेही तसेच आहे. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. घराच्या पुढे एक मजबूत दांडा असतो आणि त्याच्या टोकाला उलटी वाटी असते. ही वाटी गोळ्यावर बसवून कुलूपबंद करतात. येथे गोळा म्हणजे बैलाची मान आणि वाटी म्हणजे जू असे समजा. घराच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार या गोळ्यावर पडावा, असा तेथील नियम आहे. भार यापेक्षा फार कमी झाला, तर घर हेलकावे घेऊ लागते. फार जास्त झाला, तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी नीट वळत नाही.

आता मामूंच्या घराचे गणित करून पाहू. घराचे वजन २,००० किलो. गोळ्यावर पडणारा भार २४० किलो, म्हणजे १२ टक्के. हे अगदी योग्य होते. गोळ्यापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर ४ मीटर होते. होडी आसाच्या मागे ३ मीटरवर टांगली होती.

मधला आस हा टेकू समजा. मागे ठेवलेले ओझे पुढची बाजू वर उचलते. किती उचलते? होडीचे वजन ६० किलो आणि तिचे आसापासूनचे अंतर ३ मीटर. ६० ला ३ ने गुणले, की १८० येतात. त्यांना गोळ्याच्या अंतराने, म्हणजे ४ ने भागले, की ४५ येतात. म्हणजे होडीने गोळ्यावरचा ४५ किलो भार उचलून घेतला. २४० मधून ४५ वजा केले, तर उरले १९५. आता होडी धरून एकूण वजन २,०६० किलो झाले. त्याचे १० टक्के म्हणजे २०६ किलो. गोळ्यावर तर १९५ किलोच होते! घर 'उलाळ' झाले होते. वजनात नगण्य वाटलेल्या होडीने असा घोटाळा केला.

याचा अनुभव तुम्हीही घेऊ शकता. एक पेन्सिल बाकावर आडवी ठेवा. तिच्यावर फूटपट्टी अशी ठेवा, की पट्टीचा पुढचा भाग थोडा जड राहून बाकाला टेकेल. त्या टोकावर बोट ठेवा. आता मित्राला मागच्या टोकावर खोडरबर ठेवायला सांगा. तुमच्या बोटाखालचे टोक वर येऊ पाहील. तेच खोडरबर पेन्सिलीच्या बरोबर वर ठेवा. आता टोक हलणार नाही. खोडरबर तेच, वजनही तेच. फक्त जागा बदलली.

आणखी एक गोष्ट आहे. अगदी टोकाला बांधलेले ओझे एकदा डोलू लागले, की लवकर थांबत नाही. लांब काठीच्या टोकाला विटेचा तुकडा बांधून ती डावीउजवीकडे फिरवून पाहा. तिला थांबवताना मनगटाला किती जोर लागतो! हाच तुकडा मुठीजवळ बांधला, तर काठी सहज थांबते. म्हणून होडी घराच्या शेपटाला टांगणे दुहेरी धोक्याचे असते.

मग होडी न्यायची तरी कशी? याचे काही चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग मामूंनी नंतर स्वीकारला. पिकअपवर मजबूत चौकट बसवून तिच्यावर होडी पालथी बांधायची. यामुळे होडीचा भार मागच्या घरावर पडत नाही. तो गाडीच्या चाकांवर पडतो आणि गोळ्यावरचे २४० किलो कायम राहतात. मात्र माणसे, सामान, होडी आणि गोळ्यावरचा भार या सर्वांची बेरीज गाडीला झेपली पाहिजे. अमेरिकेत गाडीत किती भार घालावा हे चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेले असते. होडीचे मागचे टोकही फार मागे येऊन चालत नाही. नाहीतर वळणावर ते घराच्या भिंतीवर आदळते.

लहान मोटारीच्या टपावर मात्र वजनदार होडी ठेवता येत नाही. टपाला किती ओझे चालेल, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे लागते. तेथे एका माणसाची हलकी होडी न्यावी. ती मधून दोन पट्ट्यांनी बांधावी आणि पुढचे व मागचे टोकही गाडीला दोराने बांधावे. कारण वेगात वारा होडीच्या नाकाखाली शिरतो आणि तिला उचलू पाहतो. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. होडी फार मागे येत असेल, तर टोकाला लाल कापड बांधावे. लोखंडी सळया नेणाऱ्या आपल्याकडच्या मालट्रकांना असे लाल फडके बांधलेले तुम्ही पाहिले असेलच.

दुसरा मार्ग घडीच्या होडीचा. जर्मनीतील आल्फ्रेड ह्यूरिख या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये लाकडी सांगाडा आणि कापडी आवरण असलेली घडीची होडी तयार केली. १९०७ मध्ये योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क विकत घेऊन अशा होड्या बनवायला सुरुवात केली. घडीची होडी म्हणजे खेळणे नव्हे. हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टराने १९५६ मध्ये अशाच होडीतून एकट्याने अटलांटिक महासागर पार केला. हवा भरून फुगवण्याच्या होड्याही आता सर्वत्र मिळतात. अशी होडी घरात ठेवायची, तर ती चाकांच्या आसाच्या वर, जमिनीलगत ठेवावी. म्हणजे पुढचा आणि मागचा तोल बिघडत नाही.

तिसरा मार्ग घराच्या मागे होडीचा दुसरा ट्रेलर जोडण्याचा. अमेरिकेतील अनेक राज्यांत याला मनाई आहे. मिशिगनमध्ये परवानगी आहे. पण तेथे पहिले घर 'फिफ्थ व्हील' प्रकारचे असावे लागते. या प्रकारात जोड गाडीच्या शेपटाला नसून हौद्यात, मागच्या चाकांच्या वर असतो. त्यामुळे घर अधिक स्थिर राहते. चालकाला त्यासाठी वेगळी लेखी परीक्षा देऊन परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते. शिवाय दोन जोड असलेली ही गाडी मागे घेणे अतिशय अवघड असते. यांपैकी काहीच जमत नसेल, तर तळ्यावर जाऊन भाड्याची होडी घ्यावी, हे सर्वांत शहाणपणाचे.

होडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. १९८८ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात 'झीब्रा शिंपला' नावाचा परका जीव आढळला. तो युरोपातून आलेल्या जहाजांच्या पाण्याबरोबर आला होता. पुढे होड्यांना चिकटून तो तळ्यातळ्यांत पसरला. हे शिंपले पाण्याचे नळही बुजवून टाकतात. म्हणून होडी बाहेर काढल्यावर ती धुऊन, सारे पाणी काढून, वाळवूनच पुढे न्यावी लागते.

मामूंनी ते जुने कंस काढून टाकले. आता निघण्यापूर्वी ते घरातील जड सामान कुठे आहे ते पाहतात, पट्ट्या ओढून पाहतात आणि मगच गाडी सुरू करतात. छायाचित्राच्या मागे त्यांनी एकच ओळ लिहिली आहे : "होडी तीच आहे, फक्त जागा बदलली."

मुलांनो, तुम्ही कदाचित असे घर कधी ओढणार नाही. पण सायकलवर गव्हाचे पोते न्याल, हातगाडीवर सामान भराल, टेम्पोत कपाट चढवाल. तेव्हा ओझे किती आहे एवढेच पाहू नका. ते कुठे ठेवले आहे, तेही पाहा.

शब्दार्थ

हौदा – मालगाडीचा सामान ठेवण्याचा भाग
पालथी – तोंड खाली केलेली, औंधी
मातब्बरी – महत्त्व, अहमियत
हेलकावा – एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकणे, झोका
प्रसंगावधान – संकटाच्या वेळी सुचणारे शहाणपण
जू – बैलांच्या मानेवर ठेवण्याचे आडवे लाकूड
उलाळ – मागे भार जास्त झाल्याने पुढून उचललेली (गाडी)
आस – ज्या दांड्याभोवती चाके फिरतात तो दांडा
पाचावर धारण बसणे – फार घाबरणे
जिवात जीव येणे – धीर येणे, भीती जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिरत्या घराला इंग्लंडमध्ये काय म्हणतात?
(आ) गोळ्यावर घराच्या वजनाचा किती टक्के भार पडावा?
(इ) हानेस लिंडेमान यांनी कोणता महासागर पार केला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) घर डोलू लागल्यावर मामूंनी काय केले आणि काय केले नाही?
(आ) गाडीवान बैलगाडीत भार थोडा पुढे का ठेवतो?
(इ) होडी दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी का धुवावी लागते?

३. गणित करा.
मामूंनी २० किलोची होडी त्याच जागी टांगली असती, तर गोळ्यावरचा भार किती किलोने कमी झाला असता?

४. वाक्यात उपयोग करा.
पाचावर धारण बसणे, जिवात जीव येणे

५. उपक्रम
तुमच्या गावातील गाडीवान, हमाल किंवा टेम्पोचालक यांना भेटा. ते ओझे कसे रचतात ते विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा.