दिवसभराची रिपरिप की एक वळीव?

मोबाईल टॉवरवर ढोलासारखे गोल अँटेना दिसतात ना? ते पुढच्या टॉवरशी मायक्रोवेव्हने बोलतात. त्यांना सर्वात जास्त नडतो तो पाऊस. पण नेमका कोणता पाऊस?

७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४ सेंटिमीटर, तर २३ गिगाहर्ट्झची फक्त १.३ सेंटिमीटर. लहर जितकी आखूड, म्हणजे थेंबाच्या मापाच्या जवळ, तितका थेंब तिची ऊर्जा जास्त शोषतो आणि विखुरतो. तासाला ५० मिलिमीटर या वेगाचा पाऊस असेल, तर ७ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे १ डेसिबलही जात नाही; २३ गिगाहर्ट्झला मात्र सुमारे ७ डेसिबल जातात. म्हणजे किलोमीटरभरात सिग्नलचा जेमतेम पाचवा भाग उरतो! म्हणूनच लांबच्या लिंकला कमी फ्रिक्वेन्सी देतात.

गंमत म्हणजे एकूण पाऊस किती पडला याला फारसं महत्त्व नाही; वेगाला आहे. दिवसभराची रिपरिप लिंक सहज सोसते. ९९.९९९ टक्के चालणारी लिंक म्हणजे वर्षाला फक्त ५ मिनिटं बंद राहायची मुभा. वळवाची एकच जोरदार सर ती संपवू शकते.

तेव्हा लिंक डिझाइन करताना वर्षाची सरासरी नव्हे, ती एक सर धरून हिशोब मांडायचा!