सी ड्राइव्हची हद्दवाढ

संगणकाच्या पडद्यावर सी ड्राइव्हच्या नावाखालील निळी पट्टी एके दिवशी लाल होते, विंडोज नवे अपडेट घेण्यास नकार देऊ लागते, आणि त्याच वेळी शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये शेकडो जीबी जागा विनावापर पडून असते, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. हे गाऱ्हाणे दुरुस्तीच्या दुकानात नेले की बहुधा एकच उपाय सुचविला जातो: सगळे फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकू. या उपायाने जागा मिळते हे खरे. परंतु वर्षानुवर्षे जुळवून घेतलेले मराठी टंक, कळफलकाची मांडणी, हिशेबाचे सॉफ्टवेअर व त्याचा परवाना, प्रिंटरची जोडणी हे सारे त्यापायी पुन्हा उभे करावे लागते, आणि केवळ एका हद्दीच्या वादासाठी एवढा संसार मोडावा असे कोणतेही तांत्रिक कारण आज उरलेले नाही.

सी किंवा डी हा डिस्कचा विभाग, म्हणजेच पार्टिशन, ही वास्तविक एक नोंद आहे. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर 10 एमबीची हार्ड डिस्क आणि डॉस 2.0 आले, तेव्हापासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार डिस्कच्या अगदी पहिल्या, 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये 64 बाइटांचा एक लहानसा तक्ता असतो. त्यातील प्रत्येक नोंद 16 बाइटांची, म्हणून नोंदी फक्त चार, आणि प्रत्येकीत मुख्यत्वे इतकेच लिहिलेले की हा विभाग अमुक सेक्टरपासून सुरू होतो व त्याची लांबी अमुक आहे. या तक्त्याची झेप साधारण 2 टीबीपलीकडे जात नाही, म्हणून पुढे जीपीटी ही पद्धत आली. तिच्यात सामान्यतः 128 नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरच्या भागात जपून ठेवलेली असते.

तर मग हद्द बदलणे म्हणजे एक-दोन आकडे खोडून नवे लिहिणे, एवढेच काम नव्हे काय? तेवढेच असते तर भीतीचे कारण नव्हते. परंतु प्रत्येक विभागाच्या आत फाइल सिस्टीम नावाचे दुसरे, कितीतरी तपशीलवार दप्तर असते, आणि कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठे ठेवला आहे याचा हिशेब ते दप्तर आपल्या समजुतीतील हद्द धरून ठेवीत असते. तलाठ्याने सातबाऱ्यावरील क्षेत्र घटविले, परंतु त्या तुकड्यावर पहिल्या मालकाचे पीक उभेच राहिले, तर ज्याच्या नावे फेरफार झाला तो तेथे नांगर घालणारच. म्हणून या कामात सारे महत्त्व क्रमाला आहे. विभाग लहान करताना आधी शेवटच्या भागातील मजकूर आत आणावा, फाइल सिस्टीम आखूड करावी, आणि मगच तक्त्यातील नोंद बदलावी. मोठा करताना नेमके उलट, आधी नोंद वाढवावी आणि मग फाइल सिस्टीमला नव्या हद्दीपर्यंत पसरू द्यावे.

हा क्रम सांभाळणारी साधने एकेकाळी दुर्मीळ होती. डॉसच्या काळातील एफडिस्कने विभाग बदलायचा म्हणजे तो पुसूनच नवा करायचा, आणि ‘हद्द बदलली की सर्व गेले’ ही समजूत त्या काळापासून जनमानसात रुजली. पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशनमॅजिकने 1990च्या दशकात ही समजूत खोटी ठरविली. पुढे जीपार्टेड हे विनामूल्य साधन आले. आणि 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तर विभाग लहानमोठा करण्याची सोय विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच आहे.

मात्र त्या सोयीला मर्यादा आहेत, आणि बहुतेकांची निराशा होते ती येथेच. डी ड्राइव्ह लहान केला की सुटलेली जागा त्याच्या शेवटास सुटते; सी ड्राइव्हला मात्र जागा हवी असते ती स्वतःच्या लगत, म्हणजे डीच्या आरंभी. विंडोजचे साधन डीचा आरंभ सरकवीत नाही, त्यामुळे मोकळी जागा डोळ्यांसमोर असूनही ‘एक्स्टेंड’चा पर्याय फिकटच राहतो. आरंभ सरकविणे म्हणजे आतील सर्व मजकूर उचलून पुढे नेणे. नवी व जुनी जागा एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे ही उचल शेवटाकडून आरंभाकडे करावी लागते, मोठ्या डिस्कवर तिला कित्येक तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या ठिकाणी व अर्धा नव्या ठिकाणी अशी अवस्था होते. जीपार्टेड हे काम करते, पण आपल्याकडील विजेचा भरवसा लक्षात घेता मी सर्वसामान्य वाचकाला दुसराच मार्ग सुचवीन: डीमधील सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, त्या तेथे उघडतात याची खात्री करावी, डी काढून टाकावा, सी हवा तेवढा वाढवावा, आणि उरलेल्या जागेत नवा डी करून फाइली परत आणाव्यात. विंडोज जागच्या जागी राहते. डीवर एखादे सॉफ्टवेअर बसविलेले असेल तर मात्र हा मार्ग धरण्यापूर्वी त्याची वेगळी व्यवस्था करावी. आणि सी व डी एकाच डिस्कचे भाग आहेत हे प्रथम पाहून घ्यावे, कारण दोन स्वतंत्र डिस्कांमध्ये अशी जागेची देवघेव होत नाही.

कधी सी व डी यांच्यामध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला एक छोटा रिकव्हरी विभाग ठाण मांडून बसलेला असतो, आणि तो सीची वाढ अडवितो. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10च्या एका सुरक्षा अपडेटला याच विभागात 250 एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसलेल्या असंख्य संगणकांवर ते अपडेट अडले, आणि मायक्रोसॉफ्टने मुख्य विभाग 250 एमबीने घटवून रिकव्हरी विभाग वाढविण्याची रीत सर्वांसाठी प्रसिद्ध केली. जे काम केवळ जाणकारांचे मानले जात होते ते याप्रमाणे घरोघरच्या माणसांवर येऊन पडले.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. डिस्क कुरकुरत असेल किंवा फाइली आपोआप बिघडत असतील तर हद्दीला हातच लावू नये. आधी मजकूर वाचवावा. डिस्क कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल, आणि अनेक नव्या लॅपटॉपांवर ते मालकाच्या नकळत चालू असते, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. जीपार्टेड वापरण्यापूर्वी शिफ्ट कळ दाबून धरून विंडोज पूर्ण बंद करावे, कारण एरवी ते बंद झाल्यासारखे दिसून अर्धवट निद्रिस्त असते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावा.

आणि हे सारे स्वतः करण्याचे धैर्य होत नसेल तरी यंत्र दुकानात देताना बॅकअप घेऊनच द्यावे, व ‘विंडोज आहे तसे ठेवून सी वाढवून द्या’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.